वाळूत रुतलेली अक्कलदाढ

ज्या हातांनी मी सव्वीस वर्षं लोकांच्या अक्कलदाढा उपटल्या, त्या हातांना एक शिडाची बोट हाकणं म्हणजे काय मोठंसं!

हे वाक्य माझंच. ते मी सोसायटीच्या जिन्यात म्हटलं, बँकेच्या रांगेत म्हटलं, आणि पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून तर रोजच म्हणायचो. तिथं विरोध होण्याचा प्रश्नच नसतो. फार तर "आँ" एवढंच येतं, आणि "आँ" म्हणजे होकार, असं मी धरून चालतो.

तर गेल्या वर्षी मी बोट घेतली. अठ्ठावीस फुटी, कुणीतरी आधी वापरलेली. एक डोलकाठी, दोन शिडं, आणि खाली केबिन. केबिन केवढी? तर दोन माणसं सुखानं झोपतील आणि त्यातल्या एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला बाहेर जावं लागेल, एवढी! बोटीचं नाव बायकोनं ठेवलं: 'अक्कलदाढ'. मला वाटलं, माझ्या धंद्याचा मान राखला. मी भारावलो. मग ती म्हणाली, "सगळ्यात उशिरा येते, उपयोग काही नाही, आणि ठणका मात्र घरातल्या सगळ्यांना!"

बायको हायस्कुलात गणित शिकवते. त्यामुळे तिच्या बोलण्याला नेहमी पायऱ्या असतात आणि शेवटी उत्तर असतं. उत्तर बहुतेक वेळा 'तुम्ही चुकलात' असं असतं.

बोट चालवायची म्हणजे परवाना हवा. आमच्या किनाऱ्यावरच्या क्लबात आठ रविवारांचा वर्ग होता. शिकवणारे सर गळ्यात कायम शिट्टी घालायचे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. आम्ही दोघांनी नाव घातलं, दोघं पास झालो. माझं प्रमाणपत्र मी चौकटीत घालून दवाखान्यात लावलं, दातांच्या तक्त्याच्या बरोब्बर वर. तिनं तिचं कुठं ठेवलं, कुणास ठाऊक.

आणि मग मी ती ऐतिहासिक घोषणा केली, "सुट्टीत चार दिवस आपण दोघं किनाऱ्याकिनाऱ्यानं बोटीतून फिरायचं! कप्तान मी, खलाशी तू."

"बरं," बायको म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की शहाण्या माणसानं सावध व्हावं. मी नवा पांढरा पायजमा शिवायला टाकला.

निघायच्या दिवशी तिनं जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागं भरती-ओहोटीचं गणित मांडून आणलं होतं.

"अहो, ऐका. साडेसातला भरती पुरी झाली. आता पाणी उतरणार. बेटाच्या आतल्या बाजूनं जायचं असेल तर साडेनऊच्या आत तो वाळूचा पट्टा ओलांडायला हवा. नाहीतर बेटाला बाहेरून वळसा."

"अगं, ओलांडू की! आत्ता तर आठ वाजताहेत!"

पण धक्क्यावर क्लबचे अध्यक्ष भेटले. यांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं, पण सोनेरी दोरीची टोपी अशी घालायचे की लोक त्यांना ॲडमिरल म्हणायचे. त्यांनी आपलं प्रसिद्ध पांढरंशुभ्र हास्य केलं आणि विचारलं, "काय डॉक्टर, मोहिमेवर?" झालं! मोहिमेवर म्हटल्यावर मोहीम समजावून सांगायला नको? मी नकाशा उलगडला. तीन रंगांच्या पेन्सिलींनी आखलेला मार्ग दाखवला. शीड उभारताना कमरेत कसं वाकायचं, हे प्रत्यक्ष वाकून दाखवलं. मी सरळ झालो तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

वाळूच्या पट्ट्यापाशी आम्ही पोचलो साडेदहाला.

"वळसा घाला," बायको म्हणाली.

"वळशानं दीड तास जातो."

"अहो, पाणी गुडघ्याएवढं दिसतंय! आणि तो लाल खांब आपल्या उजव्या हाताला हवा, डावीकडे दिसतोय!"

"खांब जागेवरच असतो गं. आपण कुठून बघतो त्यावर डावं-उजवं ठरतं. रोज आरशात दात बघणाऱ्या माणसाला डावं-उजवं शिकवू नकोस!"

हे वाक्य पुरं झालं आणि बोटीखालून आवाज आला: खर्रर्रर्र. अगदी हळुवार. जणू कुणी जाड पोळपाट फरशीवरून ओढला. आणि अक्कलदाढ थांबली.

मी इंजिन मागं टाकलं. पुढं टाकलं. बोंब मारून बघितलं. मग पायजमा वर करून पाण्यात उतरलो आणि बोटीला खांदा लावून ढकललं. साडेतीन टन वजनाच्या बोटीला ढकलणारा पंचावन्न किलोंचा दंतवैद्य! जवळच एक बगळा उभा होता. त्यानंसुद्धा मान फिरवली.

"पाणी परत कधी येईल?" मी विचारलं.

तिनं उत्तरपत्रिका उलटली. "चार पन्नासला."

"म्हणजे सहा तास?"

"सहा तास वीस मिनिटं."

पाणी उतरत गेलं तशी बोट कलू लागली. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली माशाच्या परासारखं एक जाड, जड पातं असतं, त्यामुळे ती वाळूवर सरळ बसत नाही. दमलेल्या म्हशीसारखी कुशीवर लवंडते. केबिनमधलं सगळं सामान या भिंतीवरून त्या भिंतीकडे निघालं. ताटल्या गेल्या, उशा गेल्या, तिची पेपर तपासायची पिशवी गेली, वायरलेसच्या खालच्या फळीवरचा वीस लिटर पाण्याचा कॅन घरंगळत गेला आणि बाकाच्या कोपऱ्यात घट्ट बसला.

"फुटला का?" बायकोनं विचारलं.

"नाही गं! चांगला फिट बसलाय. निदान एक वस्तू तरी जागेवर आहे!"

बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून आम्ही केबिनमध्येच बसलो. म्हणजे मी भिंतीवर बसलो होतो आणि ती कपाटाच्या दारावर.

"अहो, वायरलेसवरून मदत मागा ना. कुणी ओढून तरी काढेल."

"मुळीच नाही!" मी गरजलो. "मी मदत मागितली तर अख्ख्या किनाऱ्याला कळेल! झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आणि बघ, आज वायरलेससुद्धा किती गप्प आहे! सकाळपासून नुसता कलकलाट होता, आता चिटपाखरू बोलत नाही. कुणाला काही पत्ता लागायचा नाही."

मग आम्ही भांडलो. दुसरं करणार काय? जागा तिरकी, ऊन कडक, वेळ भरपूर! सुरुवात लाल खांबापासून झाली. तिथून आम्ही नऊ वर्षांपूर्वी मी चुकवलेल्या आगगाडीवर गेलो. तिथून तिच्या भावानं आमच्या बाथरूमला बसवलेल्या आणि आजतागायत गळणाऱ्या नळावर. मी मधेमधे सँडविचसाठी टोमॅटो चिरत होतो आणि मुद्द्यावर जोर द्यायला हात हवेत फिरवत होतो.

"आधी ती सुरी खाली ठेवा!" ती ओरडली.

"ठेवणार नाही! आज मी बोलणार!"

तेवढ्यात बोट आणखी एक वीत कलली. टोमॅटोंचा अख्खा डबा तिच्या अंगावर रिकामा झाला. "आई गंऽऽऽ!" तिनं किंकाळी फोडली.

"अगं, काही होत नाही! पुसून टाकू! कुणाला दिसणारसुद्धा नाही!" मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? धीर धरा.

"हे सगळं त्या ॲडमिरलमुळं," टोमॅटो वेचता वेचता मी म्हणालो. "हसून हसून माझी वेळ घालवली. काय ते हसणं! पुढचे चारही दात माझे आहेत!"

"अहो! पेशंटचं असं बोलू नये!"

"इथं ऐकतंय कोण? तो बगळा? आणि मी विचारतो, शिट्टीसरांच्या परीक्षेत मला पंच्याहत्तर टक्के पडले, ते काय उगाच?"

यावर ती गप्प झाली. गणिताची बाई गप्प होते तेव्हा पुढची पायरी अवघड असते.

"काय?" मी म्हणालो.

"काही नाही."

"बोल ना!"

"तुम्ही नापास झाला होतात," ती हळूच म्हणाली. "मी सरांना भेटले. म्हटलं, बोट मीच सांभाळीन, पण यांना पास करा, नाहीतर हे घरात तोंड फुगवून बसतील. सर म्हणाले, बाई, तुमच्या जबाबदारीवर."

दवाखान्यातली ती चौकट माझ्या डोळ्यांसमोर आली. दातांच्या तक्त्यातले बत्तीसही दात मला हसत होते.

वास्तविक मी चिडायला हवं होतं. पण भिंतीवर बसून, पायजम्याला वाळू आणि शर्टाला टोमॅटो लागलेला असताना माणसाला नीट चिडता येत नाही. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"अगं, मला समुद्राची भीती वाटते."

"माहितीय."

"पोटात ढवळतं."

"तेही माहितीय. तुमच्या व्हिटॅमिनच्या बाटलीत उलटीच्या गोळ्या असतात. संपत आल्या की मीच भरते. तुम्हाला काय वाटलं, आपोआप उगवतात?" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मग बोट कशाला घेतलीत हो?"

मी सांगून टाकलं.

"लेक नोकरीसाठी दूर गेली ना, त्यानंतर एका रविवारी मी सहज मोजलं. उठल्यापासून झोपेपर्यंत आपण दोघं अकरा वाक्यं बोललो. त्यातली चार गॅस सिलिंडरबद्दल होती. मला वाटलं, बोटीवर तिसरं कुणी नसतं, टीव्ही नसतो, पेपर तपासायचे नसतात. तिथं बोलावंच लागेल."

ती कपाटाच्या दारावरून घसरत घसरत माझ्या शेजारी भिंतीवर येऊन बसली. तिनं माझ्या शर्टावरचा टोमॅटोचा तुकडा काढला.

"आज किती वाक्यं झाली?"

"मोजली नाहीत. पण सगळी भांडणाचीच आहेत."

"असू देत. सिलिंडरपेक्षा बरी."

"तुलाही बोट आवडत नाही ना? खरं सांग. विकून टाकू."

"आवडते हो! खूप आवडते!" ती म्हणाली. "तुम्ही चालवता ती आवडत नाही."

तेवढ्यात केबिनच्या दारात एक माणूस उभा राहिला. गस्तीच्या बोटीवरचे अधिकारी! गणवेश कडक, मिशी कडक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि दोन्ही बूट हातात. त्यांची बोट लांब खोल पाण्यात उभी होती. ते वाळूतून चालत आले होते. मी तोंड उघडणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. अळीमिळी गुपचिळी! मग ते तिरके तिरके चालत कोपऱ्यात गेले, पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्याखालून एक काळी वस्तू ओढून काढली.

वायरलेसचा माईक!

वायरलेसची गंमत अशी असते, की माईकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आणि दाबून ठेवलं, तर जगाला फक्त आपलंच ऐकू येतं, आपल्याला कुणाचंच नाही. बोट कलली तेव्हा माईक खुंटीवरून पडला, आणि वीस लिटरचा कॅन त्याच्या बटणावर जाऊन बसला. चांगला फिट!

"चार तास," माईकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं अधिकारी म्हणाले. "चार तास झाले, या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीवर तुम्ही चालू आहात. दुसऱ्या कुणाला शब्द बोलता आला नाही. कुणी खरंच बुडत असतं तर? हा सगळ्यांचा मदतीचा चॅनल आहे, डॉक्टर!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली. सुदैवानं त्या दिवशी समुद्रावर बुडण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे माझी अब्रू.

"पहिले दोन तास आम्ही हसत होतो," ते म्हणाले. "मग 'सुरी खाली ठेवा' आलं. मग किंकाळी. मग तुम्ही म्हणालात, पुसून टाकू, कुणाला दिसणार नाही! तेव्हा आम्ही निघालोच. तुम्ही कुठं आहात ते बाईंच्या लाल खांबावरून कळलं. बाईंचं बरोबर होतं, तो उजव्या हातालाच हवा."

आणि त्यांनी बटणावरचा अंगठा उचलला.

अरे बाप रे! चार तास तुंबलेला समुद्र एकदम फुटला. खरखर, शिट्ट्या, टाळ्या! सगळे एकाच वेळी बोलत होते.

"वहिनी, तुमचंच बरोबर! अजिबात माघार घेऊ नका!" हा कुठल्याशा बोटीवरचा बाईंचा आवाज.

"डॉक्टर, मी नापास म्हटलं नव्हतं, काठावर म्हटलं होतं!" हे शिट्टीसर. मागं त्यांच्या नव्या वर्गातली मुलं खिदळत होती.

"डॉक्टरसाहेब, मासेमारीच्या बोटीवरून बोलतोय. तीन दिवस दाढ ठणकतेय. सोमवारी येऊ का?"

आणि मग सगळ्यांवर ताण करणारा ओळखीचा घनगंभीर आवाज आला, "डॉक्टर! चार नाहीत! तीन! चौथा माझा स्वतःचा आहे!"

बायकोनं डोक्याला हात लावला. मी अधिकाऱ्यांच्या हातून माईक घेतला आणि ॲडमिरलांची, सरांची, मासेमारांची, एकूण समुद्राची माफी मागितली. आयुष्यात इतकं मनापासून मी कुणाला 'चुकलो' म्हटलं नव्हतं. अर्थात बायकोच्या नजरेत तेवढ्यात आलंच, की हा शब्द चोवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकायला मिळाला आणि तोही परक्यांना उद्देशून!

मी तिच्याकडं वळलो. "तुलापण," मी म्हणालो. या वेळी बटण कुणीही दाबलेलं नव्हतं.

चार पन्नासला पाणी आलं. चार एक्कावन्न नाही, चार एकोणपन्नास नाही! अक्कलदाढ हलली, कण्हली आणि हळूहळू सरळ उभी राहिली. मी सवयीनं सुकाणूकडं निघालो. मधेच थांबलो. पांढऱ्या पायजम्याचा चिखल झटकला आणि म्हणालो, "कप्तान, दोर कुठला ओढू?"

"तो निळा," ती म्हणाली. "आणि वाकताना कमर सांभाळा."

तिनं लाल खांब उजव्या हाताला ठेवला आणि बोट अशी बाहेर काढली, की लोण्यातून सुरी जावी! गस्तीची बोट मागं मागं आली, पण तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढच्या बंदरात पोचलो तर धक्क्यावर ही गर्दी! बोटींवरची माणसं, जाळी विणणारे, चहावाला, सगळे ओळीनं उभे. बायकोनं पहिल्या फटक्यात बोट धक्क्याला लावली, धक्क्याला टांगलेला टायर दबलासुद्धा नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दोर घेऊन उडी मारली तेव्हा एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हाच तो सिलिंडरवाला." दुसरीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवाजावरून मोठा वाटला होता गं."

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. बंदराच्या कचेरीत बोलावणं आलं. मदतीच्या चॅनलवरचं सगळं बोलणं तिथं आपोआप ध्वनिमुद्रित होतं, आणि आमचं प्रकरण असं की अहवाल लिहून त्यावर आमच्या सह्या हव्या होत्या. टेबलामागं एक कारकून बसले होते. बारीक चण, जाड चष्मा, कानाला हेडफोन. त्यांनी रात्रपाळीत आमचे चारही तास ऐकून पानंच्या पानं नीट उतरवून काढली होती. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती.

"इथं सही. हे तुमचं वाक्य ना?"

"माझंच."

"इथं सही. मेहुण्यांच्या नळाबद्दलचं."

"माझंच."

बारा पानांवर मी सह्या केल्या. तेराव्या पानावर त्यांनी पेन अडवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"डॉक्टर, हे मात्र गंभीर आहे. साडेबारा ते सव्वा. तब्बल पाऊण तास तुम्ही इंजिन चालू ठेवलंत. बोट कुशीवर पडलेली असताना इंजिन चालवणं नियमात बसत नाही."

"इंजिन? आम्ही इंजिन लावलंच नाही हो! साडेदहालाच बंद केलं!"

त्यांनी हेडफोन काढला आणि टेप मोठ्यानं लावली. कचेरीभर आवाज घुमला. घर्रर्र... खर्रर्र... फट् फट्... मग जरा शांतता... मग पुन्हा घर्रर्र! शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट टंकलेखन थांबवून बघू लागली.

तुम्हाला मघाशी एक सांगायचं राहिलं. नळाचं भांडण आणि टोमॅटोचं भांडण यांच्या मधे मी जरा आडवा झालो होतो. पाचच मिनिटं. म्हणजे, मला पाचच मिनिटं वाटली होती.

कारकुनांनी कान देऊन आणखी थोडं ऐकलं, गंभीरपणे मान हलवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिता लिहिता म्हणाले, "माझं ऐका, हे इंजिन ताबडतोब कुणा जाणकाराला दाखवून घ्या. लक्षण चांगलं नाही. यात नक्की काहीतरी अडकलंय."

"अहो," माझी बायको त्यांना म्हणाली, "चोवीस वर्षं मी यांना हेच सांगतेय!"

मी मान खाली घातली आणि विचारलं, "सही कुठं करू?"